गटारातला गुलाल

“मॅडम, पाण्यातच कावीळ हाय की!”

मारुती असा काही ओरडला, की टाकीपाशी आलेल्या बायकांनी घागरी होत्या तिथं ठेवल्या. माझ्या हातात बोटाएवढी काचेची नळी होती. टाकीखालच्या नळाचं पाणी तिच्यात घेऊन मी औषधाचे दोन थेंब टाकले होते आणि पाणी पिवळं झालं होतं.

“बघा, झालं का न्हाय पिवळं? मी कवाधरनं सांगालोय, ह्या पावडरीनंच हुतंय सगळं.”

“मारुती, गप्प बस,” मी म्हटलं. “पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं आहे.”

हे ऐकून एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. तिच्या नातवाचे डोळे पिवळे झाले होते, आणि ही सरकारी बाई सांगत होती की पिवळं ते चांगलं. तिच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

मी पाणीपुरवठा खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. नव्वदीची शेवटची वर्षं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरातून सकाळी मोपेड काढायची, उचगाव मागं टाकायचं आणि माझ्या वाट्याच्या गावांत फिरायचं. बाई इंजिनिअर म्हटल्यावर गावात आधी सगळे बघायला यायचे आणि मग ऐकायचे. निदान ऐकल्यासारखं करायचे. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट, त्यामुळं फार अडलं नाही.

या गावाचं नाव मी सांगत नाही. सरहद्दीच्या बाजूचं गाव, निम्म्या घरांत मराठीइतकंच कानडी बोललं जायचं, आणि बायकाही स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायच्या. तिथं कावीळ सुरू झाली होती. आधी एका गल्लीत, मग पुढच्या, मग देवळामागं. आठवडाभरावर गावची यात्रा होती.

आता ते पिवळं पाणी काय ते सांगते. पाण्यातले जंतू मारायला टाकीत टीसीएल टाकतात. ब्लीचिंग पावडरच ती. तिच्यातला थोडा क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहायला हवा, म्हणजे वाटेत काही घाण मिसळली तर तिचा बंदोबस्त होतो. तो शिल्लक आहे की नाही हे बघायच्या तपासणीला आम्ही ओटी टेस्ट म्हणायचो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. जसंच्या तसं राहिलं तर संपला.

टाकीत पावडर टाकायचं काम मारुतीचं. गावात पाणी सोडणारा तो. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि गावाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. पाण्याला वास येतो म्हणून लोकांनी तक्रार केली की हा पावडर निम्मी करायचा. मी येणार म्हटल्यावर दुप्पट टाकायचा. त्यादिवशी पाण्याला इतका वास होता, की मला आल्या आल्याच कळलं.

घरोघर सकाळी भरून ठेवलेलं पाणी तपासत मी नळी घेऊन टाकीपासून खाली निघाले. पहिल्या गल्लीत पिवळं. ग्रामपंचायतीपाशी पिवळं. सरपंचांच्या घराच्या अलीकडं फिकट पिवळं. आणि त्यांचं घर ओलांडून पुढच्या कोपऱ्यावर गेले, तर पाणी होतं तसंच. देवळापर्यंत चार घरांत बघितलं. कुठंही रंग नाही.

म्हणजे टाकी चांगली, विहीर चांगली. क्लोरीन वाटेत खलास होत होता. मधेच कुठंतरी पाइपात घाण शिरत होती, आणि जिथं शिरत होती त्याच्या पुढच्या गल्ल्यांत पेशंट होते.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर देवळापाशीच भेटले. तरुण होते, चेहरा ओढलेला. लोकांना पाणी उकळून प्या सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता.

“मॅडम, बाकीचे उठतील,” ते म्हणाले. “अशक्त होतील, पण बरे होतील. मला भीती गरोदर बायकांची आहे. ही कावीळ त्यांना झाली तर लिव्हर झपाट्यानं जातं. बाई हाताला लागत नाही.”

“गावात कोण कोण आहे?”

“तिघी. दोघी ऐकतात माझं. तिसरी सरपंचांची लेक. सातव्यात माहेरी आली आहे. तिथं माझं काही चालत नाही. तुम्ही बघा.”

सरपंचांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. खताचं दुकान, ऊस, दारात ट्रॅक्टर. कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज माझ्यापेक्षा दुप्पट. माणूस दिलदार. गावातल्या कुणाचंही पेशंट कोल्हापूरला न्यायचं तर गाडी आण्णांची. त्यांच्या बायकोनं, गंगव्वांनी, मी बसायच्या आत गूळ आणि तांब्या पुढं ठेवला. मी गूळ खाल्ला. पाण्याला हात लावला नाही.

ते आण्णांनी बघितलं. आमच्याकडं पाहुण्यानं पाणी नाकारणं म्हणजे दारात उभं राहून शिव्या देण्यापेक्षा वाईट. त्यांचा चेहरा उतरला, पण माझा इलाज नव्हता.

“आण्णा, डॉक्टर म्हणतात, सुरेखाला थोडे दिवस सासरी पाठवा. तिच्या जिवाला धोका आहे.”

“मॅडम, पयलं बाळंतपण हाय. वटी भरून, वाजत-गाजत आणलीया पोरीला. यात्रा तोंडावर आणि तिला माघारी धाडू? व्याही तोंडात शेण घालतील की माझ्या.”

“कावीळ आहे म्हणून सांगा.”

“तेच तर! सरपंचाची पोरगी कावीळ हाय म्हणून गेली, म्हंजे गावात कावीळ हाय असं मीच कबूल केलं.”

“मग नाही का गावात कावीळ?”

“हाय की. पर कबूल कराय पायजे असं कुठं हाय? यात्रंला पावणं येतील का मग?”

मी कपाळाला हात लावला. स्वयंपाकघराच्या दारात सुरेखा उभी होती. विशीतली, गोरी, भरल्या अंगाची, हातात हिरवा चुडा. हळूच म्हणाली, “अव्वा, मी उकाळून पितो की पाणी. त्यात काय?”

“काय नगं,” गंगव्वा म्हणाल्या. “गरम पाणी बाळंतिणीला, न्हायतर आजाऱ्याला. पोटुशीनं पिलं तर बाळाला उष्णता हुतीया.”

“उकळून गार करायचं असतं हो!” मी जरा जोरातच बोलले. पण गंगव्वा ओच्याला हात पुसत आत गेल्या आणि तो विषय तिथंच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाणी सोडायच्या वेळेला गेले. सकाळी तासभर पाणी यायचं. मारुतीनं व्हॉल्व्ह फिरवला आणि मी आण्णांच्या गल्लीतून चालू लागले. थोड्या वेळानं कानावर आवाज यायला लागला. हुंऽऽ. एका घरातून, मग शेजारच्या घरातून, मग दोन्ही बाजूंनी.

“मारुती, हा कसला आवाज?”

“गिरणी हाय, मॅडम. पिठाची.”

“सगळ्या घरांत?”

मारुती चपलेकडं बघायला लागला.

गल्लीच्या तोंडाला सार्वजनिक नळ होता. मी तो पूर्ण सोडला. पाण्याचा थेंब नाही. नुसता सूं सूं आवाज, आणि तोही आत जाणाऱ्या हवेचा. मी तळवा नळाच्या तोंडाला लावला तर नळानं तो ओढून धरला. तुम्हाला सांगते, इतकी वर्षं नोकरी केली, पण नळाची ती ओढ विसरले नाही. मी मारुतीकडून पाण्यानं भरलेला पेला मागून घेतला आणि नळाच्या तोंडाखाली धरून वर उचलला. नळानं बघता बघता पेला पिऊन टाकला.

लोकांनी घरोघर नळाला मोटारी लावल्या होत्या. सरळ नळाच्या पाइपाला. नियमात बसत नाही, म्हणून कुणाची बुट्टीखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली, कुणाची न्हाणीत पोत्याआड. एकानं लावली की शेजाऱ्याच्या नळाचं पाणी कमी होतं. मग तो तिच्यापेक्षा मोठी आणतो. त्यात यात्रा आली. प्रत्येक घरी पाहुण्यांची पंगत, म्हणून पिंप भरून ठेवायची घाई. टाकीतून येतं त्यापेक्षा जास्त पाणी सगळ्या मोटारी मिळून ओढत होत्या, आणि पाइप रिकामा पडत होता.

रसाच्या दुकानात आपण नळीनं रस ओढतो. नळीला मधे चीर असेल तर रसाबरोबर बाहेरची हवा पण तोंडात येते. इथं तसंच होत होतं. फक्त चिरेच्या बाहेर हवा नव्हती, गटार होतं. गटाराचं पाणी पाइपात शिरायचं. थोडं मोटारवाल्यांकडं जायचं आणि उरलेलं पुढच्या गल्ल्यांना.

चीर कुठं, त्याचाही अंदाज आला होता. आण्णांच्या घरासमोर जुना पाइप गटाराखालून जात होता. पिवळा रंग तिथंच संपत होता. अडचण एकच. यात्रेसाठी आण्णांनी तिथं नुकताच काँक्रीटचा रस्ता करून घेतला होता.

“रस्ता फोडायचा?” आण्णा असे दचकले, जणू मी घर पाडायला सांगितलं. “मॅडम, अजून पाणी मारालोय त्येच्यावर! पालखी ह्याच रस्त्यानं जाणार. आनि तुमी म्हणताय पहार घाला?”

“आण्णा, खालचा पाइप गटार पितोय.”

“कुणी बघितलं?”

“मी सांगते ना!”

“तुमी नळी बघून सांगताय. काल म्हणालात पिवळं ते चांगलं. आज म्हणताय नळ पाणी पितोय. उद्या काय म्हणाल?”

मी चिडून एसटीडी बूथवर गेले आणि साहेबांना फोन लावला. आमचे साहेब सज्जन होते, पण सावध.

“खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, सर.”

“पुरावा आहे?”

“नाही.”

“मग आधी पुरावा काढा. सरपंच तुमच्यावर थेट वरपर्यंत तक्रार करतील. मी तुमच्या पाठीशी उभा राहीन. किती वेळ उभा राहीन, ते मात्र सांगता येत नाही.”

फोन ठेवून मी ग्रामपंचायतीत येऊन बसले. डोकं सणकलं होतं. कोपऱ्यात एक पोतं होतं, त्याच्या शिवणीतून गुलाबी पूड सांडली होती.

“हे काय?”

“गुलाल,” मारुती म्हणाला. “इलेक्शनचा. लई आणलाता, उरला.”

गटारात रंग टाकायचा आणि नळाला येतो का बघायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. त्यासाठी वेगळा रंग मिळतो. तो मागवायचा तर यात्रा होऊन गेली असती. मी पोत्याकडं बघितलं आणि आण्णांना बोलावलं.

ऐकून ते मोठ्यानं हसले. “टाका की. पर गुलाल न्हाय आला, तर परत रस्त्याचं नाव काढायचं न्हाय.”

“आणि आला तर?”

“आला तर पयली पहार माझी.”

दोन-तीन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, गुलाल गटारात टाकतात का म्हणून. आण्णांनीच त्यांना गप्प केलं. “इलेक्शनचा हाय तो, देवाचा न्हवं. त्यो आदीच गटारातनं आलाय.”

सकाळी अख्खं गाव आण्णांच्या दारात. मी ओरडून सांगितलं, आज नळाचं पाणी कुणीही प्यायचं नाही, फक्त बघायचं. डॉक्टरही आले होते. पाइपाच्या जागी गटार मातीनं तुंबवलं, त्यात गुलाल कालवला. पाणी लालभडक झालं. मारुतीनं व्हॉल्व्ह सोडला.

आम्ही वाट बघत बसलो. आण्णांच्या अंगणातला नळ सोडलेला होता. पाणी आलं. स्वच्छ. थोड्या वेळानं परत बघितलं. स्वच्छच. पुढच्या कोपऱ्यावर माणूस पाठवला, तो सांगत आला, “पांढरं फेक हाय, मॅडम.”

मी कान दिले आणि लक्षात आलं. गल्लीत आवाजच नव्हता. हुंऽऽ नाही, काही नाही. मॅडम दारात उभ्या असताना मोटार कोण लावणार? सगळे शहाणे हाताची घडी घालून रस्त्यावर उभे. मोटारी बंद, म्हणून पाइप पाण्यानं भरलेला, म्हणून गटार बाहेरच्या बाहेर.

“मोटारी लावा!” मी ओरडले. “रोज लावता तशा लावा!”

“कसली मोटार?” एकजण म्हणाला. “आमच्यात मोटार न्हाय.” दुसरा म्हणाला, “आमच्यात बी न्हाय.” ओळीनं सगळ्या घरांनी नाही म्हणून सांगितलं. शेवटी आण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले, “झालं, मॅडम? गावाचं पाणी गंगेसारखं हाय. चला, च्या घेऊ.”

मला रडू येईल की काय असं वाटलं. डॉक्टर मान खाली घालून उभे होते. लोक हसत हसत पांगायला लागले.

आणि तेवढ्यात आण्णांच्या घरातून आवाज आला. हुंऽऽ.

आत गंगव्वा होत्या. बाहेरची गडबड संपली असं त्यांना वाटलं. पाणी जायची वेळ जवळ आलेली, यात्रेची पिंपं रिकामी. त्यांनी न्हाणीतली बुट्टी उचलली आणि बटण दाबलं. गावातली सगळ्यात मोठी मोटार ती. तिचा आवाज शेजाऱ्यानं ऐकला. आता आपल्याला थेंब मिळत नाही, हे त्याला कळलं. तो घरात पळाला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता ‘आमच्यात न्हाय’ म्हणणारी सगळी गल्ली घुमायला लागली. अंगणातला नळ आचका देऊन बंद पडला.

मी गटाराकडं बघत राहिले. तुंबवलेलं लाल पाणी पाइपाच्या जागी हळूहळू खाली बसायला लागलं. डॉक्टरांनी माझ्या दंडाला धरलं. फार वाट बघावी लागली नाही, आण्णांच्या घरातून गंगव्वांची किंकाळी आली.

आम्ही आत गेलो तेव्हा पिंपात पडणारी धार गुलाबी होती. दाट नाही, पण गुलाबी. आण्णा उंबऱ्यात थांबले. सुरेखा पिंपाजवळ उभी होती, हातात पेला. तिनं तो धारेखाली धरला, वर उचलून उजेडात बघितला आणि वडिलांना विचारलं, “आण्णा, हेच पाणी पितोय व्हय मी?”

आण्णा तसेच न्हाणीत गेले. त्यांनी मोटार वायरीसकट उपटली आणि अंगणात आणून टाकली. मग दारामागची पहार घेतली. पहिली पहार माझी, असं ते गमतीत म्हणाले होते. ते रस्त्यावर गेले आणि त्यांनी नव्या काँक्रीटवर घाव घालायला सुरुवात केली. कुणी मदतीला आलं तर हटवायचे. घामानं भस्म डोळ्यांत उतरलं, तरी थांबेनात.

दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. जुना सांधा फुटला होता, आणि त्यावर कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर काँक्रीट ओतलं होतं. मी बघून संतापलेच. ते काम करणाऱ्याला ठेकेदार म्हणायची मला लाज वाटते. आम्ही तो तुकडा बदलला, गटाराखालून काढून बाजूनं नेला, आणि भरपूर टीसीएल सोडून सगळी लाइन धुतली.

मोटारींचं काय करायचं? मी नोटिसा काढल्या असत्या, त्या लोकांनी चुलीत घातल्या असत्या. संध्याकाळी आण्णा देवळापुढं पारावर बसले आणि म्हणाले, “माझी काडली. आता ज्येला ठेवायची त्येनं ठेवावी. पर ठेवायच्या आदी एकदा घरात येऊन माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघून जावं.” त्यांचा तो मोठा आवाज बसला होता. हळूहळू लोक पोत्यात घालून मोटारी आणून पंचायतीत ठेवू लागले. सगळ्यांनी आणल्या असं मी म्हणणार नाही. पण नळ पाणी प्यायचा बंद झाला.

यात्रा झाली. पालखी मातीच्या चरीवरून गेली. आण्णांच्या दारात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पंगत बसली आणि ते स्वतः पाण्याचा जग घेऊन फिरत होते. प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, “पावणं, पाणी उकाळलेलं हाय. गावात कावीळ हाय.” ऐकून काही लोक जेवण अर्धं टाकून उठले. आण्णांनी त्यांना अडवलं नाही.

सुरेखा मात्र जे प्यायची ते पिऊन बसली होती. ही कावीळ लगेच दिसत नाही, आत शिरल्यावर काही आठवड्यांनी वर येते. डॉक्टरांनी तिला कोल्हापुरात नातेवाइकांकडं हलवायला लावलं, दवाखाना जवळ राहावा म्हणून. आण्णा गावाहून तिला बघायला आले की माझ्या ऑफिसात डोकवायचे. खुर्चीवर बसायचे नाहीत.

“मॅडम, आता टळलं म्हणायचं काय?”

“आण्णा, मी पाइपाची डॉक्टर. माणसाची नव्हे.”

“तरी सांगा की.”

“टळेल,” मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

मग एकदा आण्णांऐवजी मारुती आला. दारातच उभा राहिला. या माणसाला मी कधी गप्प बघितलं नव्हतं. “सुरेखाक्काचं डोळं पिवळं झालं, मॅडम,” एवढंच बोलला.

मी सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा ती बेशुद्धीत होती. बाळ गेलं. सुरेखा कितीतरी दिवस इकडं की तिकडं अशी होती, आणि मग वाचली. डॉक्टर म्हणाले, अशी वाचते एखादी. गंगव्वा वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “उष्णता नको म्हणालो मी, बाई. उष्णता नको म्हणून गारच दिलं.” मी त्यांच्याजवळ खाली बसले. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

आण्णा जिन्यात भेटले. “मॅडम, तुमी सांगितलं त्याच दिवशी रस्ता फोडला असता, तर?”

खोटं बोलून त्यांचं ओझं हलकं करता आलं असतं. मनातल्या रागापोटी ते वाढवताही आलं असतं. मी खरं ते सांगितलं. “माहीत नाही, आण्णा. त्याच्या आधीच प्यायली असेल. कदाचित नसेल.”

ते मान हलवून वर गेले.

त्यानंतर माझी बदली झाली. परत त्या गावात गेले ते दोन-तीन वर्षांनी, नव्या टाकीच्या पाहणीला. मारुती तोच. सकाळचं पाणी सुटलेलं होतं, आणि एका घरातून आवाज आला. हुंऽऽ.

“गिरणी का रे?”

“न्हाय, मॅडम. मोटार हाय,” मारुती म्हणाला. “नवीन घर बांधलंय त्येनं. आण्णांच्या कानावर घातलंय. जातील आता.”

आण्णा सरपंच राहिले नव्हते. त्यांच्या घरात शिरले तर स्वयंपाकघराच्या दारात सुरेखा उभी. परत पोटुशी. मी चकितच झाले. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत.

“मी नगोच म्हणालतो,” आण्णा म्हणाले. “ह्या घरात परत नगो म्हणालो. ऐकती का? सासूसंगं भांडून आली.”

“इथंच होणार माझं,” सुरेखा म्हणाली. “कायमचं असंच म्हणायचं काय, की माझ्या माहेरचं पाणी वाईट?”

गंगव्वांनी गूळ ठेवला. तांब्या ठेवला नाही. माझ्या पिशवीकडं बघत राहिल्या. मला कळलं. मी काचेची नळी काढली, त्यांच्या नळाचं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. तिघंही वाकून बघत होती. सुरेखाचा हात पोटावर होता.

पाणी पिवळं झालं. चांगलं गडद पिवळं.

आण्णांनी नळाखाली पेला भरला, आधी स्वतः घटाघट प्याले आणि तोंड पुसलं. मग दुसरा पेला भरून लेकीला दिला. सुरेखानं पेला घेतला आणि सगळा संपवला. मग गंगव्वांनी माझ्यापुढं तांब्या ठेवला, आणि मी त्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायले.

त्याच गावात, आरोग्य केंद्रात, तिला मुलगी झाली. मारुती पेढे घेऊन ऑफिसात आला आणि तासभर बोलत बसला.

नोकरीत पुढं मी पुष्कळ पाइप बदलले, पुष्कळ टाक्या बांधल्या. ज्युनिअर मुलं विचारायची, मॅडम, नव्या गावात गेल्यावर आधी काय बघायचं, टाकी की विहीर? मी सांगायची, आधी सरपंचांच्या न्हाणीत जा आणि बुट्टी उचलून बघा. टाकीवर नंतर चढा.